वारा होडीला किती आडवी सरकवतो: कोथरूडमधील किनारी नेव्हिगेशन वर्गाचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात कोथरूडमध्ये, पौड रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर चालणारा, शिडाच्या होड्यांसाठीचा किनारी नेव्हिगेशनचा वर्ग मी पूर्ण केला. आठ रविवार सकाळी टेबलावरचे काम, एक दिवस धरणाच्या जलाशयावर आणि एक दिवस मुंबईच्या बंदरातून मांडव्यापर्यंत जाऊन परत, असा त्याचा आराखडा आहे. वर्ग चालवणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. ते जाहिरात करत नाहीत, एका तुकडीत बाराच जण घेतात आणि आपले नाव कुठे छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून या लेखात त्यांचा उल्लेख मी केवळ 'सर' असा करणार आहे. पुण्यात शिडाच्या होड्या चालवणाऱ्या कोणाकडेही चौकशी केली, तर त्यांचा पत्ता मिळण्यास अडचण येत नाही.

वर्गात सागरी नकाशा वाचणे, भरती-ओहोटीची कोष्टके, दीपगृहांच्या खुणा, होकायंत्राची चूक असे नेहमीचे सगळे विषय आहेत आणि ते नीट शिकवले जातात. परंतु हा वर्ग इतरांपेक्षा वेगळा ठरतो तो एका विषयामुळे, आणि त्या एकाच विषयावर मी सविस्तर लिहिणार आहे. तो विषय म्हणजे लीवे, अर्थात वाऱ्याच्या दाबामुळे होडी आपल्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेने सरळ न जाता किती अंशांनी बाजूला सरकते, त्याचा अंदाज. सर त्याला साध्या मराठीत 'सरक' म्हणतात आणि वर्गात सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द बसला, म्हणून मीही तोच वापरतो. मी यापूर्वी वाचलेल्या बहुतेक पुस्तकांत सरकेला अर्धे पान मिळते: 'साधारण पाच अंश धरावेत' असे सांगून लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. इथे मात्र तिला अडीच रविवार आणि पाण्यावरचे दोन्ही दिवस मिळाले. माझ्या मते ते योग्यच आहे, कारण किनाऱ्याजवळच्या प्रवासात वेग, वेळ आणि होकायंत्राची दिशा या गोष्टी उपकरणावर वाचता येतात, पण सरक दाखवणारे उपकरण सामान्य होडीवर नसते. तिचा अंदाज माणसालाच करावा लागतो.

समुद्र दीडशे किलोमीटर दूर असलेल्या शहरात हे शिकायला कशाला यायचे, असा प्रश्न मला काही मित्रांनी विचारला. पुण्याला पाण्याच्या विद्येची परंपरा नाही, असे मानणे मुळात बरोबर नाही. खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, तिथे नौदलाचे भावी अधिकारी शिडाच्या होड्यांवर पहिले धडे घेतात. आणि १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रही तिथेच आहे, जिथे बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून भरती-ओहोटीचा आणि लाटांचा अभ्यास केला जातो. पण खरे उत्तर त्याहून थेट आहे. सरक मोजायला शिकण्यासाठी आधी प्रवाह नसलेले पाणी हवे, आणि धरणाचे पाणी या कामी समुद्रापेक्षा चांगले असते. ते कसे, हे पुढे येईलच.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर होडीचा आडवा छेद काढला आणि विचारले की होडी सरकते हा होडीचा दोष आहे का. आम्ही सगळ्यांनी 'हो' म्हटले. त्यावर त्यांनी जे समजावले, ते मला आजही वर्गातील सर्वांत मोलाचे वाटते. होडीखालची स्थिर कील किंवा वर-खाली करता येणारा सेंटरबोर्ड हे पाण्यात उभे धरलेले पंखच असतात. पंखाला बल निर्माण करायचे तर त्याच्यावर येणारा प्रवाह थोडा तिरपा यावा लागतो. अगदी सरळ आलेल्या प्रवाहात दोन्ही बाजू सारख्या असलेल्या पंखाला बाजूचे बल मिळतच नाही. शिडावर वाऱ्याचा जो आडवा दाब येतो, त्याला तोंड देण्यासाठी कीलला पाण्यातून किंचित तिरपे जावेच लागते, आणि तो तिरपेपणा म्हणजेच सरक. थोडक्यात, वाऱ्यावर चढत, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे तिरपी, जाणारी होडी सरकते म्हणूनच चढू शकते. एकदा हे मनात ठसले की पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. पाण्यातल्या पंखाचे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वेग निम्मा झाला तर तेवढेच बल मिळवायला कोन सुमारे चौपट लागतो. टॅक बदलल्यावर, म्हणजे वळून वारा दुसऱ्या बाजूने घेतल्यावर, होडी मंदावलेली असते, तेव्हा ती सर्वांत जास्त सरकते. वाऱ्याच्या डोळ्यात फार घुसवण्याचा हव्यास केला की वेग पडतो आणि सरक वाढते. वारा पाठीमागून असेल तर आडवा दाबच नसतो, म्हणून सरकही जवळजवळ नसते. समुद्र खवळलेला असेल, शिडे जुनी होऊन फुगीर झाली असतील, सेंटरबोर्ड अर्धवट वर असेल किंवा होडीचा पाण्यावरचा भाग उंच असेल, तर सरक का वाढते हेही यातूनच उलगडते.

यानंतर वर्गात वाटलेल्या टिपणाबद्दल मला तक्रार आहे आणि ती मी सरांनाही सांगितली. टिपणात एक कोष्टक आहे: दहा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्याला तीन अंश, पंधराला पाच, वीसला आठ, पंचवीसला दहा किंवा अधिक. ही कोणत्या होडीची सरक, वाऱ्याशी किती कोनात असताना, किती शिडे उभारलेली असताना, याचा तिथे एका शब्दानेही उल्लेख नाही. खोल कीलची आधुनिक होडी मध्यम वाऱ्यात तीन ते पाच अंश सरकते हे खरे आहे, पण उथळ कीलची जड होडी त्याच वाऱ्यात दुप्पट सरकू शकते. कोष्टक छापील असले की विद्यार्थी त्याला धरून बसतो. आमच्या तुकडीतील दोघांनी शेवटच्या परीक्षेतही तोच आकडा उचलून लिहिला. सर तोंडी सांगताना 'हे फक्त सुरुवातीला, तुमची होडी ओळखीची होईपर्यंत' असे म्हणतात, पण ते वाक्य कागदावर उतरलेले नाही.

त्याच टिपणातील सूत्र मात्र उपयोगी आहे. होडीचा कल, म्हणजे ती एका बाजूला किती झुकली आहे ते, अंशांत घ्यावे, त्याला एका स्थिरांकाने गुणावे आणि नॉटमधील वेगाच्या वर्गाने भागावे. उत्तर सरकेचे अंश. स्थिरांक प्रत्येक होडीचा वेगळा असतो, बहुतेक कीलच्या होड्यांसाठी तो दहाच्या आगेमागे येतो. यात कल हा शिडावरच्या आडव्या दाबाचा प्रतिनिधी आहे आणि वेगाचा वर्ग कीलच्या ताकदीचा. पंधरा अंश कल आणि पाच नॉट वेग असेल, तर दहाच्या स्थिरांकाने सहा अंश येतात. कल तोच राहून वेग चार नॉटवर आला तर नऊ अंशांच्या वर जातात. परंतु हे सूत्र डिंगीला, म्हणजे एक-दोन माणसांच्या लहान होडीला, लागू पडत नाही, कारण डिंगीत माणसे बाहेर झुकून होडी सपाट ठेवतात. कल शून्य म्हणून सरक शून्य, असे मानले तर उत्तर सरळसरळ चुकेल. ही सूचना टिपणात नाही, आणि आमचा पहिला पाण्यावरचा दिवस नेमका डिंगीवरच होता.

तो दिवस पुण्याच्या पश्चिमेकडील एका धरणाच्या जलाशयावर झाला. चांदणी चौकातील वाहतूक टाळण्यासाठी पहाटे निघालो, पण खरे काम दुपारी दोननंतर सुरू झाले, कारण सह्याद्रीकडून येणारा पश्चिमेचा वारा त्याच सुमारास धरतो. पाणी बरेच उतरले होते आणि काठाने चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. होडी ढकलताना घोट्यापर्यंत पाय रुतत होते. सरांनी प्रत्येक डिंगीत दोन विद्यार्थी, एक होकायंत्र आणि जलरोधक पिशवीतला एक जीपीएस दिला.

प्रयोग साधा होता, पण त्यामागची युक्ती सुरेख आहे. स्थिर पाण्यात होडीच्या नाळेची दिशा आणि जीपीएसने दाखवलेली प्रत्यक्ष वाट यांत फरक पडला, तर त्याला दोनच कारणे उरतात: सरक किंवा होकायंत्राची चूक. त्यातील दुसरे कारण बाजूला काढण्यासाठी एकाच टॅकवर विसंबायचे नाही. वारा उजवीकडून घेत एक धाव करायची, मग डावीकडून घेत दुसरी. दोन्ही धावांत नाळेच्या दिशांमधला कोन एकदा मोजायचा आणि प्रत्यक्ष वाटांमधला कोन एकदा. होकायंत्रात कायमची चूक असेल तर ती दोन्ही दिशांत सारखीच असल्याने वजाबाकीत निघून जाते. राहिलेल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे सरक. आमच्या होडीची नाळ पहिल्या धावेत २३० अंशांवर होती आणि दुसऱ्या धावेत ३२० वर, म्हणजे ९० अंशांचा कोन. जीपीएसच्या वाटा २२६ आणि ३२५ अंश निघाल्या, म्हणजे ९९. नऊचा निम्मा साडेचार अंश. मग सरांनी सेंटरबोर्ड अर्धा वर घ्यायला लावला आणि तीच दोन धावांची जोडी पुन्हा करायला सांगितली. नाळेचा कोन ९० अंशांचाच ठेवला होता, वाटांचा मात्र ११२ झाला; सरक अकरा अंश. माझ्या जोडीदाराने वहीत हा आकडा लिहिताना दोनदा पुन्हा वजाबाकी केली, इतका तो मोठा वाटला. तिसऱ्यांदा बोर्ड पूर्ण वर घेतला तेव्हा होडी समोरच्या काठाकडे जाण्याऐवजी एखाद्या टोपलीसारखी आडवीच वाहत चिखलाच्या पट्ट्याकडे गेली आणि मोजण्यासारखे काही उरलेच नाही.

डोंगरांच्या मधल्या पाण्यावर वारा एका दिशेने टिकत नाही, तो दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होतो, म्हणून एका धावेच्या आकड्याला अर्थ नसतो. आम्ही प्रत्येक जोडी चार वेळा केली आणि सरासरी घेतली. या शिस्तीबद्दल मी सरांना पूर्ण गुण देतो. त्यांनी कोणालाही पहिल्या आकड्यावर समाधान मानू दिले नाही, आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत, अंगावर ओले कपडे असतानाही, सगळ्यांना पाण्यावर ठेवले.

मधल्या रविवारी दुसरी पद्धत शिकवली गेली, आणि समुद्रावर खरोखर वापरायची पद्धत तीच. होडीमागे पाण्यावर फेसाची आणि गुळगुळीत पाण्याची जी रेघ राहते, ती होडी पाण्यातून प्रत्यक्ष कोणत्या वाटेने आली ते दाखवते. हातात धरायच्या होकायंत्राने त्या रेघेची दिशा घ्यायची आणि नाळेच्या नेमक्या उलट दिशेशी तिची तुलना करायची. नाळ ०४५ अंशांवर असेल तर उलट दिशा २२५. वारा डावीकडून येत असताना रेघ २३० अंशांवर दिसली तर सरक पाच अंश. रेघ नेहमी वाऱ्याकडच्या बाजूला दिसते, कारण होडी वाऱ्याआड, म्हणजे वारा ढकलतो त्या बाजूला, गेलेली असते. सुकाणूच्या लगेच मागे पाणी ढवळलेले असते, तिथली दिशा घ्यायची नाही. होडीच्या लांबीच्या चार-पाच पट मागे नजर टाकायची. रेघ दिसेनाशी होते अशा लाटांत वापरण्यासाठी सरांनी प्लायवूडचा अर्धवर्तुळाकार कोनमापक बनवला आहे. तो होडीच्या मागच्या फळीवर बरोबर मध्यरेषेवर बसवायचा आणि त्याच्या केंद्रातून मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा मागे सोडायचा. दोऱ्याच्या टोकाला छोटे शिसे बांधलेले असते, म्हणजे दोरा पाण्याखाली राहतो आणि वारा त्याला ढकलत नाही. त्या कोनमापकावरच्या अंशांच्या खुणा तापलेल्या खिळ्याने डागून काढल्या आहेत, त्यामुळे पाण्याने त्या पुसल्या जात नाहीत आणि अंधारात बोटालाही लागतात.

नकाशावर सरक कोणत्या बाजूला लावायची, या प्रश्नावर वर्गातील जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी घसरला, आणि मीही घसरलो. झालेला प्रवास मांडताना नाळेच्या दिशेला सरक वाऱ्यासोबत लावायची, कारण होडी तिकडे गेलेली आहे. पुढचा प्रवास ठरवताना मात्र वाऱ्याविरुद्ध लावायची, कारण होडी जिकडे ढकलली जाणार आहे त्याच्या उलट नाळ धरावी लागते. दुसऱ्या प्रकारात क्रमही महत्त्वाचा आहे: आधी जायची वाट, मग प्रवाहाचा त्रिकोण (पाण्याचा प्रवाह होडीला किती आणि कुठे नेईल ते दाखवणारी आकृती), त्यातून पाण्यावरची वाट, मग सरक, आणि सर्वांत शेवटी होकायंत्राच्या दुरुस्त्या. मी घरच्या अभ्यासात सहा अंश उलट्या बाजूला लावले. उलट लावले म्हणजे चूक सहाची नव्हे, बाराची होते. साठ मैलांवर एका अंशाला एक मैल, या हिशेबाने पाच सागरी मैलांत पूर्ण एक मैलाचा फरक पडतो, आणि माझ्या कागदावरची होडी खडकावर गेलेली होती. त्यानंतर सरांनी एक सवय लावली: नकाशा उघडल्याबरोबर, पट्टी हातात घेण्याआधी, कोऱ्या जागेत वाऱ्याचा जाड बाण काढायचा. त्या बाणाने माझी ही चूक पूर्ण थांबली. भारतीय किनाऱ्याचे अधिकृत नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करते. वर्गात त्यांच्या लहान केलेल्या छायाप्रती दिल्या जातात. ज्यावरून अंतर मोजतात ती कडेची अक्षांशाची पट्टीही तेवढीच लहान झाल्याने अंतरे बरोबर येतात, पण खोलीचे आकडे वाचता येत नाहीत. इतकी फी घेतल्यावर दोन विद्यार्थ्यांत मिळून एक मूळ नकाशा तरी द्यायला हवा, असे माझे मत आहे.

मुंबईचा दिवस फेब्रुवारीत होता. होडी चोवीस फुटी, खाली स्थिर कील असलेली; आम्ही पाच विद्यार्थी आणि सर. जाताना वायव्येचा वारा पाठीशी होता, त्यामुळे सरकेचा प्रश्न आला नाही आणि सगळ्यांनी किनाऱ्यावरच्या खुणा ओळखण्यात वेळ घालवला. मांडव्याजवळून दक्षिणेकडे खांदेरीचा आकार दिसत होता. १६७९ साली महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी वेढा घालून तो थांबवण्याचा प्रयत्न केला, आणि मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या तरीही बेटावर सामान पोचवत राहिल्या. सरांनी तिकडे बोट दाखवून एवढेच म्हटले की उथळ तळाची होडी नुसत्या शिडावर वाऱ्याविरुद्ध फार सरकते, म्हणून त्या होड्यांना वल्ह्यांची जोड होती. इतिहासाच्या पुस्तकात अनेकदा वाचलेली गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा होडीच्या बाजूने कळली.

परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध होता आणि भरती चढत होती. मुंबईच्या बंदरात भरतीचे पाणी ईशान्येकडे जात आत शिरते. आम्ही पहिली लांब धाव वारा डावीकडून घेत उत्तरेकडे केली: नाळ ०००, पाण्यातील वेग साडेचार नॉट, कल बारा अंश. रेघेची दिशा घेण्याची पाळी माझी होती. मी होकायंत्र डोळ्यापाशी धरले आणि १९३ वाचले, म्हणजे तेरा अंश सरक. जीपीएसही ०१३ दाखवत होता, त्यामुळे मला फार समाधान वाटले. सरांनी काही न बोलता माझ्या लाइफ जॅकेटच्या खिशावर बोट ठेवले. खिशात मोबाइल होता, होकायंत्रापासून जेमतेम वीतभर अंतरावर. मोबाइल जोडीदाराकडे देऊन पुन्हा वाचले, तर १८६. मोबाइलच्या स्पीकरमधील लोहचुंबकाने सात अंश वाढवले होते, आणि योगायोगाने तो चुकीचा आकडा जीपीएसच्या आकड्याशी जुळल्यामुळे मला संशयही आला नव्हता.

खरी सरक सहा अंश होती, तर जीपीएस तेरा का दाखवत होता? उरलेले सात अंश भरतीचे होते. होडी आणि तिची रेघ दोन्ही एकाच पाण्यावर असतात, ते पाणी सगळेच्या सगळे ईशान्येकडे चालले असले तरी रेघेचा कोन बदलत नाही; जीपीएस मात्र जमिनीच्या हिशेबाने सांगतो, म्हणून त्यात दोन्ही मिसळतात. मग आम्ही टॅक बदलला आणि नाळ २७० अंशांवर, खुल्या समुद्राकडे धरली. रेघ ०८४ अंशांवर दिसली, म्हणजे सरक पुन्हा सहा. पण जीपीएस २७४ दाखवत होता, जणू होडी वाऱ्याआड जाण्याऐवजी वाऱ्याकडेच सरकते आहे. जीपीएसवरचा वेगही पहिल्या धावेत ५.३ आणि दुसऱ्या धावेत ३.८ होता, पाण्यातील वेग दोन्ही वेळा साडेचार असताना. फळ्यावर तीन रविवार काढलेला प्रवाहाचा त्रिकोण त्या दोन धावांत जितका स्पष्ट झाला, तितका कागदावर कधीच झाला नव्हता. जीपीएस असताना सरकेचा अंदाज कशाला हवा, असे म्हणणाऱ्यांना मी हेच दोन आकडे सांगतो: यंत्र होडी कुठे गेली ते सांगते, का गेली ते सांगत नाही, आणि तासाभराने भरती थांबली की तेरातले सात निघून जातात, सहा मात्र राहतात. ज्याने दोन्ही वेगळे केलेले नाहीत, तो पुढच्या तासाची दिशा कशावरून ठरवणार?

सहा अंश सरक, बारा अंश कल आणि साडेचार नॉट वेग, या आकड्यांवरून आमच्या होडीचा स्थिरांक दहाच्या किंचित वर निघाला. त्याची परीक्षा घेण्यासाठी सरांनी सुकाणूवरच्या मुलीला होडी पाच अंश आणखी वाऱ्याकडे चढवायला सांगितली. वेग साडेतीन नॉटवर आला, कल दहा अंशांवर. सूत्राने सरक आठच्या वर यायला हवी होती. रेघेने नऊ दाखवली. पाच अंश कमावण्यासाठी तीन अंश सरकेत गेले आणि वेगही गेला. वाऱ्याच्या दिशेने होडी खरोखर किती पुढे जात होती याचा हिशेब केला, तर आधी ती २.८ नॉटने जात होती आणि आता २.३ ने. डोळ्यांना मात्र होडी अधिक चढल्यासारखीच दिसत होती. सुकाणूवरच्या मुलीने हा हिशेब ऐकला आणि कोणी न सांगता नाळ पुन्हा वाऱ्यापासून थोडी दूर वळवली.

आता व्यवहाराच्या बाजूबद्दल. फी सोळा हजार रुपये आहे आणि त्यात वर्ग, टिपणे व छायाप्रती येतात. जलाशयावरील होडीचे पंधराशे आणि मुंबईच्या होडीचे साडेचार हजार वेगळे द्यावे लागतात, ही गोष्ट आम्हाला तिसऱ्या रविवारी कळली. तुकडीतील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याला त्यामुळे मुंबईचा दिवस सोडावा लागला आणि मला त्याचे फार वाईट वाटले, कारण वर्गाचा गाभा त्याच दिवशी हाती येतो. ही रक्कम प्रवेशाच्या वेळीच सांगितली पाहिजे. बाराजणांत हातातील होकायंत्रे दोनच आहेत, त्यामुळे मुंबईच्या दिवशी प्रत्येकाला रेघेची दिशा घेण्याची संधी चार-पाच वेळाच मिळाली. ज्याला परवडेल त्याने स्वतःचे घेऊन जावे. डोळ्याजवळ धरायचे, रबराचे वेष्टण असलेले लहान होकायंत्र या कामाला उत्तम. एक गोष्ट मात्र सोपी आहे: मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशापेक्षाही कमी आहे. त्यामुळे ती दुरुस्ती विसरली तरी सरावात बिघडत नाही, पण त्याच कारणाने विद्यार्थ्यांना ती दुरुस्ती करण्याची सवय लागत नाही, आणि सरांनी दुसऱ्या एखाद्या समुद्राचा नकाशा देऊन याचा सराव करून घ्यायला हवा होता.

ज्यांना शिडाची होडी अजून अजिबात चालवता येत नाही, त्यांनी हा वर्ग घेऊ नये. टॅक बदलताना गोंधळणाऱ्या माणसाच्या हातून सरक मोजली जाणार नाही. ज्यांनी दोन-तीन मोसम डिंगी चालवली आहे आणि आता किनाऱ्याने थोडे लांब जायचे आहे, त्यांनी खर्चाची चौकशी आधी करून तो जरूर घ्यावा. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या एका होडीचे नऊ आकडे आहेत: वाऱ्याचा जोर, कल, वेग आणि रेघेने दाखवलेली सरक. त्याच होडीवर मी पावसाळ्यापूर्वी आणखी दोनदा गेलो आणि आता आकडे सतरा झाले आहेत. वीस नॉटच्या वाऱ्याचा आणि शीड लहान केलेल्या स्थितीचा एकही आकडा त्यात अजून नाही. दिवाळीनंतर नवी तुकडी मुंबईला जाईल तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांना होडीचा वाटा देऊन सोबत येता येते, आणि मी माझे नाव सरांकडे दिलेले आहे.